ठरावात नाही ते आराखड्यात नाही : गावाचा विकास आराखडा कसा ठरतो आणि वस्तीने काय करावे

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की संसदीय कामकाज या देशाला परके नाही. बुद्धाच्या भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान या सगळ्याचे नियम होते आणि ते पाळले जात होते. महापरिनिब्बाण सुत्तात वज्जींच्या उत्कर्षाची जी सात कारणे येतात, त्यांतली पहिली दोन सभेशीच संबंधित आहेत : वारंवार एकत्र जमणे, आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठणे.

आज आपल्या गावात ग्रामसभा भरते तेव्हा हेच शब्द वापरले जातात. विषयपत्रिका, गणपूर्ती, ठराव, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त. फरक इतकाच, की त्या सभेत आपली वस्ती बहुधा नसते. सभा संपल्यावर सहीसाठी रजिस्टर घरी येते, आपण सही करतो आणि पुढे वर्षभर "आपल्याकडे काहीच होत नाही" असे म्हणत राहतो. आम्ही ज्या ज्या वस्त्यांमध्ये बसलो, तिथे रस्ता, गटार, पाणी, स्मशानभूमीची वाट याच तक्रारी ऐकल्या. त्या शेवटी कुठे मांडल्या असे विचारले, की उत्तर बहुतेक वेळा एकच : "सरपंचाला सांगितलंय."

सांगणे म्हणजे मागणी नव्हे. मागणी लेखी असते, तिला तारीख असते आणि पोच असते. गावाचा निर्णय कोण घेतो, पैसा कोणत्या वाटेने येतो आणि त्या वाटेवर आपण कुठे उभे राहायचे, हे तरुण कार्यकर्त्यांच्या हाताशी असावे म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

बाबासाहेबांचा इशारा

बाबासाहेबांना खेड्याविषयी भाबडे प्रेम नव्हते. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्य वर्गाला वेगळे प्रतिनिधित्व नसेल तर अशा पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास विरोध केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडतानाही खेडे हा राज्यकारभाराचा पाया मानण्यास त्यांनी नकार दिला. पुढे के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींविषयीचे ४० वे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आले आणि बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली. ते कलम मात्र न्यायालयात मागता येणारा हक्क नव्हते.

२४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि चित्र बदलले. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. अनुच्छेद २४३ ड नुसार पंचायतीच्या प्रत्येक स्तरावर अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव झाल्या. अकराव्या अनुसूचीत पाणी, रस्ते, शिक्षण, आरोग्य, गृहनिर्माण, दुर्बल घटकांचे कल्याण असे २९ विषय आले. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. बाबासाहेबांनी मागितलेले संरक्षण असे साठ वर्षांनी कागदावर आले. ते वापरायचे की नाही, हा प्रश्न आता आपल्याकडे आहे.

कोण काय ठरवते

महाराष्ट्रात ग्रामीण कारभाराचे तीन स्तर आहेत : गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. राज्यात ३४ जिल्हा परिषदा आणि ३५१ पंचायत समित्या आहेत. ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या अधिनियमाने चालतो, वरच्या दोन स्तरांचा १९६१ च्या अधिनियमाने.

ग्रामपंचायतीत सरपंच व सदस्य निवडून येतात, पण कागद सांभाळतो तो ग्रामसेवक. त्याचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे. तालुक्याला गटविकास अधिकारी, म्हणजे बीडीओ. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ, आणि आपल्या कामासाठी महत्त्वाचा असा समाज कल्याण विभाग.

याशिवाय जिल्हा नियोजन समिती आहे. ती १९९८ च्या राज्य अधिनियमाने चालते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. घटनेप्रमाणे तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरसंस्थांच्या लोकनियुक्त सदस्यांतून यायला हवेत. जिल्हा वार्षिक योजनेतील अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा या समितीपुढून जातो.

मार्च २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपत गेली आणि तिथे दीर्घकाळ प्रशासक बसले. त्या काळात वस्तीच्या कामांना मंजुरी देणारी लोकनियुक्त समितीच उरली नाही. ज्या टेबलावर आपला सदस्य भांडू शकला असता, तिथे फक्त अधिकाऱ्याची सही राहिली. स्थानिक निवडणूक हा 'छोटा' विषय नाही, तो असा.

पैसा कोणत्या वाटेने येतो

मागणी करताना 'निधी द्या' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या शीर्षाखाली ते काम बसते हे माहीत असावे लागते. वस्तीच्या दृष्टीने पाच वाटा महत्त्वाच्या आहेत.

१. ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, गाळ्यांचे भाडे वगैरे. यातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. समजा, गावाचे स्वउत्पन्न ४ लाख रुपये आहे. तर ६० हजार रुपये मागासवर्गीयांसाठी खर्च झाले पाहिजेत. दरवर्षी कुठे झाले, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

२. वित्त आयोगाचे अनुदान. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात राज्यात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी ठरली. त्यातील ६० टक्के निधी बंधित : निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. पण पगार व कार्यालयीन खर्चासाठी नाही. म्हणजे १० लाखांतले ६ लाख पाणी व स्वच्छतेवरच जायचे. गटार आणि नळ मागणाऱ्या वस्तीला 'पैसा नाही' हे उत्तर मिळते तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा. आयोग बदलला की प्रमाणे बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय जवळ असावा.

३. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजना. जुने नाव दलित वस्ती सुधार योजना. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याच्या निर्णयाबरोबर योजनेचे नावही बदलले. अंतर्गत रस्ते, गटार, पाणी, दिवाबत्ती, समाजमंदिर अशी कामे यातून होतात. वस्तीच्या लोकसंख्येनुसार रकमेचे टप्पे आहेत. आधी गावाचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा होतो. त्यात वस्तीचे नाव, लोकसंख्या आणि काम नसेल, तर पुढच्या पाच वर्षांत प्रस्ताव अडतो.

४. जिल्हा परिषदेचा सेस. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखलेली असते. शिलाई यंत्रे, विद्यार्थ्यांना सायकली अशा वैयक्तिक लाभाच्या योजना बऱ्याचदा यातून होतात.

५. अनुसूचित जाती उपयोजना. १९८० च्या आसपास विशेष घटक योजना म्हणून सुरू झालेला हा प्रवाह. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा ठेवायचा, हे त्यामागचे तत्त्व. रमाई आवास योजनेतील घरकुले अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आहेत आणि ग्रामीण भागात त्यांच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेतून जाते.

आराखडा कसा तयार होतो

१४ व्या वित्त आयोगाच्या काळापासून प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःचा विकास आराखडा करायचा आहे. महाराष्ट्रात या मोहिमेचे नाव 'आमचं गाव, आमचा विकास'. इंग्रजी आद्याक्षरांवरून कार्यालयात त्याला 'जीपीडीपी' म्हणतात. २०१८ पासून देशभर लोकनियोजनाची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात पक्का होतो, मग तो ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढतो.

पद्धत अशी, की आधी गावाची सद्यस्थिती पाहायची, शिवारफेरी करायची, महिला सभा, बालसभा आणि वंचित घटकांची सभा घ्यायची, गरजांचा अग्रक्रम लावायचा, उपलब्ध निधी पाहायचा आणि मग ग्रामसभेत मंजुरी घ्यायची. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत मागच्या वर्षीच्या फाइलवरून यादी उतरवली जाते. वंचित घटकांची सभा कागदावर होते. फोटोसाठी चार माणसे समाजमंदिरात बसवली जातात.

इथेच खरा निर्णय होतो. जानेवारीत ग्रामसभेत आवाज चढवणाऱ्याला "आराखडा मंजूर झालाय" असे शांतपणे सांगितले जाते, आणि ते खरेही असते. ऑक्टोबरमध्ये जो हजर नव्हता, त्याचे काम पुढच्या वर्षीवर जाते. म्हणून आपले कॅलेंडर ग्रामपंचायतीच्या कॅलेंडरच्या आधी चालले पाहिजे. वर्षावास सुरू असताना विहारात बैठका होतच असतात. त्यांतल्या एका बैठकीत वस्तीच्या मागण्यांची यादी करावी. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्याच सुमारास आराखड्याचे काम सुरू होते. जुळणी सोपी आहे.

ग्रामसभेचे नियम जे पाठ असावेत

- गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे. कुणाच्या परवानगीची गरज नाही.
- आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या रूढ तारखा.
- नेहमीच्या सभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघाली पाहिजे. ती आपल्या वस्तीतही लागली का, दवंडी आपल्याकडे आली का, हे पाहावे.
- ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे.
- गणपूर्ती : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.
- गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही.

शेवटचा नियम नीट समजून घ्यावा. पहिली सभा तहकूब झाली म्हणून लोक घरी जातात. दुसऱ्या सभेत मोजकी माणसे बसून ठराव करतात आणि तो कायदेशीर ठरतो. वस्तीतली पंचवीस माणसे तहकूब सभेला आली, तर ती त्या सभेत बहुमतातही असू शकतात.

मतदार यादीचा मुद्दा आपल्या पिढीला जास्त लागू आहे. शिकलेली मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, त्यांची नावे तिकडच्या यादीत गेली आहेत. जयंतीला ती गावी येतात, वर्गणी देतात, डीजेवरून वाद घालतात. पण ग्रामसभेत त्यांना मत नाही. नाव शहरात असेल तर दोष नाही, पण मग आपली भूमिका वेगळी. अर्ज लिहिणे, संकेतस्थळावरचा खर्च तपासणे, माहिती अधिकाराचे कागद तयार करणे ही कामे दूर राहूनही होतात. सभेत उभे राहायचे ते गावातल्या बहिणीने, वहिनीने, चुलत्याने. त्यांना कागद आपण पुरवायचे.

मागणी कशी लिहावी

'वस्तीचा विकास व्हावा' हा ठराव निरुपयोगी असतो. अमुकच्या घरापासून विहारापर्यंत इतके मीटर सिमेंट रस्ता, दोन्ही बाजूंना गटार, लाभ होणारी कुटुंबे इतकी, निधीचे शीर्ष हे, अशी मागणी असावी. सोबत हाताने काढलेला नकाशा आणि दोन फोटो. अर्ज सभेच्या आधी ग्रामपंचायतीत द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. सभेत विषय आला की सूचक व अनुमोदक आपल्यातलेच असावेत, आणि ठराव इतिवृत्तात लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगावे. नंतर ठरावाची प्रत मागावी.

जागेची अडचण आधी सोडवावी. रस्ता खाजगी गटातून जात असेल तर संमतीपत्र लागते. जागा गावठाणाची की गायरानाची, याचा उतारा लागतो. कितीतरी कामे निधीअभावी नव्हे, जागेच्या कागदाअभावी परत जातात.

कागद कुठे पाहायचे

ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणत्याही गावाचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च लॉगिनशिवाय पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे. मोबाइलवर अर्ध्या तासाचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना २८ म्हणजे मागासवर्गीय व महिला-बालकल्याण खर्चाचे विवरण. हे दोन कागद पाहिले तरी १५ टक्क्यांचे खरे-खोटे कळते.

दाखवले नाहीत तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. राज्यात अर्जाचे शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. एका अर्जात एका वर्षाचा एकच विषय विचारावा. उत्तर लवकर येते आणि टाळताही येत नाही.

खर्च दिसला की जागेवर जाऊन पाहावे. वस्तीच्या शीर्षाखाली दाखवलेला रस्ता मुख्य गावात निघतो, दिवे वस्तीच्या नावावर आणि खांब चौकात, अशी उदाहरणे आम्हाला नवीन नाहीत. तक्रार आधी गटविकास अधिकाऱ्याकडे, मग सीईओंकडे. सोबत आराखड्याचे पान, खर्चाची नोंद आणि जागेचा फोटो. भाषण नको, तीन कागद पुरेत.

अडवणूक झाली तर

राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या सरपंच-सदस्याला खुर्चीवर बसू न देणे, सह्या करायला भाग पाडणे, धमकावणे हे गावकीचे राजकारण म्हणून सोडून देऊ नये. अत्याचार प्रतिबंध अधिनियम १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या पंचायत सदस्याला किंवा अध्यक्षाला धमकावून, अडवून त्याचे काम करू न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. सामायिक पाणवठा, स्मशानभूमी, रस्ता वापरू न देणे हाही. तारीख, वेळ, साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत.

आपल्या बाईंना सरपंचपद मिळाले आणि कारभार दुसराच पाहतो, कधी तो 'दुसरा' आपल्याच घरातला असतो, हेही मान्य करू. त्यांच्याबरोबर सभेला जाणे, नियम समजावून देणे, सहीआधी कागद वाचून दाखवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

जनगणना आणि आकडे

वर सांगितलेल्या बहुतेक वाटांवर पहिला प्रश्न असतो : वस्तीची, गावाची अनुसूचित जातीची लोकसंख्या किती? राखीव जागाही त्याच आकड्यावर ठरतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली आणि अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा घटनात्मक दर्जा मिळाला. म्हणजे धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती या दोन नोंदी एकमेकींना छेद देत नाहीत. जनगणनेत धर्माचा प्रश्न वेगळा आणि अनुसूचित जातीचा प्रश्न वेगळा असतो. धर्म अभिमानाने बौद्ध सांगावा, आणि अनुसूचित जातीच्या प्रश्नावर यादीतील आपल्या जातीची नोंदही करावी. जात लिहिणे मनाला पटत नाही, हे आम्ही समजू शकतो. धम्म स्वीकारला तो जात सोडण्यासाठीच. पण तो रकाना मोकळा राहिला तर गावाच्या कागदावर आपण कमी होतो, आणि त्याची किंमत वस्तीतल्या शेवटच्या घराला मोजावी लागते. २०२७ च्या जनगणनेआधी प्रत्येक विहारात यावर बोलणे व्हावे.

आपण काय मागतो

शेवटी स्वतःकडे पाहू. वस्तीच्या निधीतून आपण सर्वांत आधी काय मागतो? कमान, सभामंडप, समाजमंदिराला दुसरा रंग. विहार हवाच, तो आपल्या एकत्र येण्याची जागा आहे. पण विहारासमोर गुडघाभर चिखल असेल आणि मागच्या घरातली मुलगी दिव्याखाली नव्हे, मोबाइलच्या उजेडात अभ्यास करत असेल, तर अग्रक्रम चुकला. बांधकाम ठेकेदाराला सोयीचे असते, म्हणून ते लवकर मंजूर होते. गटार, नळजोडणी, अभ्यासिका, स्मशानभूमीचा रस्ता यांची मागणी रेटावी लागते, कारण ती कामे करायला कुणाला घाई नसते.

यादी करताना वस्तीतल्या बायकांना आधी विचारा. पाणी किती लांबून आणावे लागते आणि रात्री कोणत्या वळणावर अंधार असतो, हे त्यांना नेमके माहीत असते.

येत्या ग्रामसभेची तारीख पाहा. तिच्या पंधरा दिवस आधी विहारात बसा, तीनच मागण्या ठरवा, लिहा, पोच घ्या आणि सभेला एकोप्याने जा. सभा संपेपर्यंत उठू नका. ठराव वाचून घ्या, मगच सही करा.

जयभीम, नमो बुद्धाय.